नागझरीच्या अल्याड-पल्याड

सदाशिव पेठेतले माझे घरमालक काका वर्षातून दोनदा कॅम्पात जातात. एकदा नाताळच्या सुमारास केक आणायला आणि एकदा चष्म्याचा नंबर तपासायला. आदल्या दिवशी घरात त्याची वाच्यता होते, काय काय आणायचं त्याची यादी निघते, आणि ते परत आले की काकू पाण्याचा तांब्या पुढे करत विचारतात, “फार ऊन लागलं का हो तिकडे?” तिकडे! आमच्या वाड्यापासून महात्मा गांधी रस्ता चार किलोमीटरही नसेल. ऊन दोन्हीकडे एकच.

मी इंदूरचा. रामबागेतल्या मराठी घरात वाढलेला. पुण्याला शिकायला निघालो तेव्हा ‘आपल्याच माणसांत चाललाय’ म्हणून आई निर्धास्त होती. आपली माणसं भेटली हे खरं, पण ‘इंदूर’ ऐकताच काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “म्हणजे होळकरांकडचे. 1802 च्या दिवाळीत आमच्या घरातली भांडी तुमच्याकडे गेली आहेत, बघा सापडतात का.” यशवंतराव होळकरांनी 25 ऑक्टोबर 1802 ला, ऐन दिवाळीत, हडपसरच्या बाजूला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला, दुसरा बाजीराव पेशवा पळाला आणि पुण्याची लूट झाली, हे मी शाळेत शिकलो होतो. पण आमच्याकडे तो पराक्रम म्हणून शिकवला होता. डिपॉझिट ठरवायला बसलेलो असताना त्याची दुसरी बाजू समजली.

वर्गात माझ्या शेजारी बसणारा मुलगा यझ्दचा, इराणमधला. इराणी, अफगाण, येमेनी, सुदानी मुलं पुण्यात शिकायला येतात ही गोष्ट पुणेकरांना नवी नाही. तो कॅम्पात साचापीर स्ट्रीटच्या बाजूला खोली घेऊन राहायचा. आमचं बोलणं अर्धंमुर्धं इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या हिंदीत. त्याने पेठा पाहिल्या नव्हत्या, मी कॅम्प नीट पाहिला नव्हता. मग ठरलं की सकाळी मी त्याला माझं पुणे दाखवायचं आणि दुपारनंतर त्याने मला त्याचं. चैत्र होता. फुले जयंती नुकतीच होऊन गेली होती, आंबेडकर जयंती दोन दिवसांवर आली होती. चौकाचौकांत मांडव उभे होते, निळ्या पताका लागत होत्या.

तो सकाळी वाड्यावर आला तेव्हा काकूंनी त्याच्यापुढे पोहे ठेवले. इथल्या पोह्यांबद्दल माझी तक्रार जुनी आहे. खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, सगळं जागच्या जागी. पण वर शेव नाही, जीरावन नाही, शेजारी गरम जिलेबी नाही. आमच्याकडे पोहे म्हणजे सकाळी रस्त्यावर उभ्याने खायची चीज, इथे बशीत वाढून चमचा आडवा ठेवतात. माझ्या मित्राने मात्र दोन बशा संपवल्या. मग चैत्रगौरीचं पन्हं आलं आणि आंब्याची डाळ आली. सदाशिव पेठेत पाहुण्याला चहा विचारतानाच ‘घेऊन आलाच असाल’ म्हणतात, ही गोष्ट इंदूरला फार चवीने सांगतात. आमच्या काकूंनी ती बहुधा ऐकलेली नसावी. त्या त्याला “तुम्ही अजून घ्या” म्हणत होत्या आणि मला “तू पुरे कर” म्हणत होत्या.

तो खात होता, पण नजर वाड्यावर फिरत होती. रस्त्याला पाठ केलेली उंच भिंत, ठेंगणा दरवाजा, आत आल्यावर एकदम मोकळा चौक आणि चौकाभोवती खोल्या. म्हणाला, यझ्दमध्ये आजोबांचं घर असंच आहे, फक्त मातीचं, आणि चौकात पाण्याचं टाकं. मी म्हटलं, पाण्याची सोय इथेही होती, फक्त ती रस्त्यावर. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून जमिनीखालून दगडी नळ आणून शहरभर हौद भरले. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. पाणी खेळतं राहावं म्हणून नळावर ठिकठिकाणी वर हवेसाठी उच्छ्वास काढलेले. हे ऐकल्यावर त्याने बशी खाली ठेवली. यझ्द हे वाळवंटातलं गाव, डोंगराचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून आणून जगलेलं. “वर भोकं असतात ना, ठरावीक अंतरावर?” त्याने विचारलं. असतात, म्हटलं. मग तो बराच वेळ काकांशी हातवाऱ्यांनी बोलत बसला आणि काकांनीही हातवाऱ्यांनी त्याला कात्रजचा उतार समजावून दिला. दुभाषी म्हणून माझी गरज उरली नाही.

निघालो. विश्रामबागवाड्याची कोरीव लाकडी दर्शनी बाजू बघून मंडईत गेलो. आठ बाजूंची दगडी इमारत, मध्ये मनोरा, आत मेथीच्या जुड्यांवर पाणी मारणाऱ्या बायका. 1886 साली ती उघडली तेव्हा गव्हर्नर रे यांचं नाव होतं, आज महात्मा फुल्यांचं आहे. गंमत अशी की नगरपालिकेचे सदस्य असताना एवढा पैसा या इमारतीवर घालायला फुल्यांचाच विरोध होता; तो शिक्षणाकडे वळवावा असं त्यांचं म्हणणं. नाव देणाऱ्यांनी त्यांना शेवटी याच इमारतीवर बसवलं. शनिवारवाड्याशी मी फार थांबलो नाही. 1732 साली वास्तुशांत झालेला वाडा 1828 च्या आगीत गेला; उरल्या त्या भिंती, दिल्ली दरवाजा आणि त्यावरचे हत्तींना अडवणारे खिळे. आमच्या इंदूरच्या राजवाड्याचे सात मजले निदान रस्त्यावरून दिसतात. इथे दार मोठं आणि आत हिरवळ.

कसब्यात मात्र थांबायलाच लागतं. तांबट आळी डोळ्यांना दिसण्याआधी कानांनी कळते. एका उघड्या पडवीत एक म्हातारे तांबट मांडी घालून बसले होते. जमिनीत तिरपी रोवलेली लोखंडी पहार, तिच्या टोकावर पालथा घातलेला तांब्याचा हंडा, आणि हातातली हातोडी. ठोका पडला की डावा हात हंडा बोटभर फिरवणार, की पुढचा ठोका. एकाशेजारी एक वाटाण्याएवढे चकचकीत ठिपके उमटत जातात, रांग पूर्ण झाली की खालची रांग. हे मठारकाम. त्याने पत्रा घट्ट होतो, नुसती नक्षी नव्हे. ते आमच्याशी बोलत होते तेव्हाही हात थांबला नाही आणि एकही ठिपका दुसऱ्यावर चढला नाही. “पेशव्यांच्या वेळी कोकणातून आलो,” ते म्हणाले, जणू स्वतःच सामान घेऊन उतरले होते. पूर्वी हंडे आणि बंब होत, आता हॉटेलवाल्यांना पाणी प्यायचे तांबे हवे असतात, मुंबईची मुलं दिव्यांच्या शेड करून नेतात. इंदूरच्या बर्तन बाजारात आवाज आहे तो घासाघिशीचा. भांडं तिथे तयार होऊन येतं. जिथे ते घडतं त्या गल्लीत माणसं कमी बोलतात, हे साहजिकच.

कसब्यातून पूर्वेला सोमवार पेठेकडे उतरलं की नागझरी लागते. आज तिला ओढा म्हणणंही उदारपणाचं आहे. सिमेंटच्या दोन भिंतींमध्ये काळं पाणी, वर जाळ्या, काठाला टेकलेल्या घरांच्या मोऱ्या. पण जुन्या पुण्याची पूर्वेची कड ही. पुढे पेशवाईत वस्ती वाढली, ओढ्यापलीकडे एकेक पेठ बसत गेली, तरी काकांच्या मनातलं पुणे अजून या पाण्याशी येऊन थांबतं. “ओढ्यापलीकडे तुला काय काम?” असं त्यांनी सकाळी विचारलं होतं. पलीकडे भवानी आईचं देऊळ आहे, केईएम रुग्णालय आहे, अर्ध्या शहराचं भांड्याकुंड्यांपासून लाकडापर्यंतचं सामान आहे. पण काकांचा प्रश्न सरळ होता आणि त्यांना उत्तरही नको होतं.

ओढ्याच्या काठालाच त्रिशुंड गणपती. काळ्या दगडाचं देऊळ, ठेंगणं, शिखराशिवाय, दाराभोवती मात्र इंचभर दगड मोकळा सोडलेला नाही. 1754 साली ते बांधायला घेतलं भीमगीर गोसाव्यांनी, इंदूरजवळच्या धामपूरच्या. हे कळल्यावर मी उगीचच पायरीवर जरा ऐसपैस बसलो. गोसावी म्हणजे त्या काळी सावकारी आणि व्यापार करणारे, प्रसंगी हत्यार धरणारे संन्यासी; सोमवार पेठेत त्यांचं गोसावीपुरा होतं. आत गणपती तीन सोंडांचा, मोरावर बसलेला. आणि दर्शनी भिंतीवर एक चित्र आहे ज्यासाठी पुण्यात आलेल्या प्रत्येकाने इथे यावं: टोप्या घातलेले गोरे शिपाई एका गेंड्याला साखळदंडाने बांधत आहेत. प्लासीच्या 1757 च्या लढाईनंतर इंग्रजांनी बंगाल घशात घातला, त्याचं हे चित्र, असं जाणकार मानतात. पुण्यात इंग्रजांचं निशाण लागायला अजून कितीतरी वर्षं होती. शनिवारवाड्यात कोणाला काय कळत होतं ते असो, गोसाव्यांच्या पाथरवटाला पूर्वेकडून काय येतंय ते दिसत होतं.

गाभाऱ्याच्या भिंतीवर शिलालेख आहेत, संस्कृत आणि त्यांच्या जोडीला एक फारसी. माझा मित्र त्या फारसी लेखापुढे उकिडवा बसला. मोबाइलचा उजेड एका बाजूने पाडला, मग दुसऱ्या बाजूने. अर्धा लागला, अर्धा नाही. वळणं जुनी आणि दगड तेलकट. पुजारी मागे उभे होते. परदेशी पोरगा ओळीवर बोट न टेकवता हवेत बोट फिरवत वाचतोय हे बघून त्यांनी समईच पुढे केली. “घ्या, हिच्या उजेडात बघा.” तळघरात समाधी आहे, तिथे एरवी पाणी असतं आणि गुरुपौर्णिमेला ते उपसून दर्शन होतं, हेही त्यांनीच सांगितलं. मित्राने निघताना त्यांना विचारलं की इथे फारसी वाचणारे लोक येतात का. “तुम्ही आलात की,” ते म्हणाले.

तिथून पुन्हा लक्ष्मी रस्त्याला लागलो. या रस्त्याची एक मौज आहे. अलका टॉकीजच्या चौकातून तो निघतो, साड्यांची दुकानं, सराफांच्या पेढ्या, विसर्जनाची मिरवणूक, सगळा मान त्याला. सोन्या मारुती चौकाशी खरेदी करणारे माघारी फिरतात आणि घरी सांगतात, लक्ष्मी रस्ता पालथा घातला. रस्ता मात्र थांबत नाही. तो तसाच पुढे डुल्या मारुतीवरून, गणेश पेठेतल्या मासळी बाजाराला वळसा घालत नाना पेठेत शिरतो आणि थेट क्वार्टर गेटला, कॅम्पाच्या तोंडाशी जाऊन पोचतो. नाव तेच आणि डांबरही तेच, पण या अर्ध्या रस्त्याला कोणी लक्ष्मी रस्ता म्हणताना मी ऐकलेलं नाही. पानिपतावर लढाई चालू होती तेव्हा इथला मारुती डुलला, अशी आख्यायिका आहे. देवळासमोर आम्ही उभे होतो तेव्हा शेजारून सुरमई भरलेल्या पाट्या डोक्यावर घेऊन दोघी चालल्या होत्या आणि एकीने चालता चालताच मारुतीला हात जोडल्यासारखी मान लववली. पेठा शाकाहारी आणि कॅम्प मांसाहारी, असली वाटणी करणाऱ्यांनी सकाळी इथे उभं राहावं.

गंज पेठेत फुले वाडा. आता पेठेलाच महात्मा फुले पेठ म्हणतात. कौलारू, बुटकं, माणसाच्या मापाचं घर. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही वाड्याच्या सोप्यात मावेल एवढं. जयंतीचे हार सुकून चौकटीवर लटकत होते. हिंगोलीहून आलेल्या बायकांची एक बस आली होती. त्या रांगेत आत येत, जोतीरावांच्या समाधीपुढे टेकत आणि मग अंगणातल्या हौदापाशी जमत. 1868 साली फुल्यांनी हा आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हिंगोलीची एक आजी हौदाच्या कठड्यावरून हात फिरवत राहिली. सकाळी आम्ही हौदांची नावं कौतुकाने घेत होतो. त्या हौदांवर घागर कोणी बुडवायची आणि कोणी नाही, हे काका हातवाऱ्यांनी सांगत असताना राहूनच गेलं होतं. मित्राला मी ते इथे सांगितलं. तो म्हणाला, पाणी आणण्याची हुशारी आमच्याकडेही होती, त्याच्या वाटणीवरची भांडणंही होती. मग थोड्या वेळाने: “पण जातीने नव्हे.”

हे घर कुठे आहे ते बघितल्याशिवाय त्याचं महत्त्व कळत नाही. फुले शिकले स्कॉटिश मिशनच्या शाळेत, दांडपट्टा शिकले याच पेठेत लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत, 1848 साली मुलींची शाळा काढली ती ओढ्याअलीकडे बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात. तो वाडा आता पाडला आहे, स्मारक व्हायचं आहे. शिकायला आणि शिकवायला जोतीराव-सावित्रीबाई रोज ही नागझरी ओलांडत होते. शेण-माती अंगावर आली ती त्या वाटेवर. 1897 मध्ये प्लेग आला तेव्हा प्लेग कमिशनर रँडच्या हाताखालचे गोरे सोल्जर कॅम्पातून शहरात शिरले, घरांची झडती घेऊ लागले. शहराने ते कधी विसरलं नाही आणि 22 जूनला चापेकर बंधूंनी रँडला गणेशखिंडीच्या रस्त्यावर गाठलं. ही गोष्ट पुण्यातला प्रत्येक पोरगा सांगू शकतो. त्याच साली मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. शहर आणि लष्कर यांच्या भांडणाची गोष्ट सांगताना ही दुसरी गोष्ट मध्येच कुठेतरी राहून जाते. ओढ्यापलीकडच्या या पेठांसारखीच.

भूक लागली होती. माझ्या मनात कॅम्पात जाऊन खायचं होतं, पण मित्राने हाताला धरून हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’मध्ये नेलं. परवडतं म्हणून तो इथे येतो. बाबा आढावांनी हमालांची संघटना बांधली, कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर मिळावं म्हणून हे केंद्र निघालं. त्यांचीच ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ. भाकरी, झुणका, पातळ भाजी, फोडलेला कांदा. शेजारी हातगाडीवाला, पलीकडे कॉलेजचे दोघे, समोर लाकडाच्या वखारीतला माणूस, ज्याच्या भुवयांवरही भुसा होता. इथे कोणी कोणाला आग्रह करत नाही. इंदूरला मला आग्रहाशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. सराफ्यात रात्री बाराला गराडू तळून देणारासुद्धा “भैया, एक और” म्हणतो. इथे वाढणाऱ्या मावशींनी फक्त माझ्या ताटाकडे बघितलं, भाकरी संपलेली दिसली, दुसरी टाकली. वखारवाला उठताना मित्राला म्हणाला, “काय इराणी, आज जोडीदार आणला का?” पुण्यात इतक्या दिवसांत मला असं टोपणनावाने ओळखणारं एकही जेवणघर मिळालं नव्हतं.

नाना पेठेत स्कूटर-मोटारसायकलींचे सुटे भाग मिळतात. पुण्यातल्या झाडून साऱ्या दुचाक्या कधी ना कधी इथे येऊन जात असणार. हँडलं, चेनकव्हर, आरशांच्या माळा, पत्र्याच्या डब्यात बोटं काळी करून नेमका वायसर शोधून देणारी पोरं. गल्ली संपते तिथे क्वार्टर गेट, आणि तिथेच सिटी चर्च. नाव सिटी चर्च, उभं कॅम्पाच्या दाराशी, आणि जागा कोणी दिली? सवाई माधवरावांनी, 1792 साली, पेशव्यांच्या फौजेतल्या गोव्याकडच्या ख्रिस्ती लोकांना. इंग्रजांची छावणी पडायच्या आधीच इथे घंटा वाजत होती.

छावणी पडली ती पुढे पंचवीस वर्षांनी. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली, बाराच दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, आणि शहराला हात न लावता त्याच्या पूर्वेला लष्कर बसलं. 1818 मध्ये फौजेसाठी सदर बाजार भरला. जुने लोक अजून ‘लष्करात जाऊन येतो’ म्हणतात. पोलीस ठाण्याच्या पाटीवरही ‘लष्कर’च आहे. आजही हा भाग महापालिकेत नाही. त्याचं कॅन्टोन्मेंट बोर्ड निराळं, ते संरक्षण खात्याखाली, उंच बांधायला बंधनं. म्हणून रस्ता ओलांडताच आभाळ वाढतं. गल्ल्या आखून सरळ काढलेल्या. कोपऱ्यावर उभं राहिलं तर दुसरं टोक दिसतं. पेठेत वीस पावलांपलीकडचं दिसत नाही.

मित्र म्हणत होता, हे बघ, ही परकी वस्ती, इथे माझं काही नाही, फक्त भाडं कमी म्हणून राहतो. आणि मला मात्र एकदम घरी आल्यासारखं झालं. सदर बाजार, चर्चचा मनोरा, बेकरीचा वास, बसक्या बंगल्यांवरची मंगलोरी कौलं: हे तर महू! आमच्या मामाचं गाव. त्याच 1818 च्या तहानंतर इंग्रजांनी होळकरांच्या उरावर इंदूरशेजारी बसवलेली छावणी. पुण्याची छावणी आणि महूची छावणी पाठोपाठची, एकाच हिशेबाने आखलेली. लहानपणी मामाकडे जाताना रस्ते रुंद व्हायला लागले की सुट्टी लागल्याचा आनंद व्हायचा, तो मला मेन स्ट्रीटवर, म्हणजे महात्मा गांधी रस्त्यावर, झाला. ज्याला पेठेत आजोबांचं घर सापडलं तो इथे राहत होता, आणि ज्याला इथे मामाचं गाव सापडलं तो पेठेत.

शिवाजी मार्केट मंडईचं भावंड शोभावं असं. तेही दगडी, तेही मनोऱ्याचं, त्याच दशकातलं, तेव्हा त्याचं नाव कॅनॉट मार्केट. दोन्ही बाजारांनी साहेबांची नावं पुसली आणि आपली घेतली. भाजीवाल्या बाईशी मित्र हिंदीत भाव करत होता, ती बाजूच्या गाळ्यातल्याशी तमिळमध्ये बोलली, मला मराठीत म्हणाली, “तुमच्या दोस्ताला सांगा, सिटीत गेलात तर याच्या दुप्पट घेतील.” फौजेबरोबर आलेल्या तमिळ कंत्राटदार-कारागिरांच्या पिढ्या इथे नांदल्या. गल्लीत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बोहरा चाचांनी मला कुठे राहतो विचारलं. सदाशिव पेठ म्हटल्यावर त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं. “सिटीत? तिथे गाडी कुठे लावता?” ते स्वतः मुलीच्या लग्नात शालू घ्यायला लक्ष्मी रस्त्यावर गेले होते, त्यालाही वर्षं झाली. कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत घालायची चर्चा चालू आहे, त्यावर त्यांचं मत विचारलं. “बोर्ड काही करत नाही,” ते म्हणाले. “पण कॉर्पोरेशन आलं तर काय काय करतील!” काका असते तर त्यांनी हे वाक्य जसंच्या तसं म्हटलं असतं, फक्त दोन्ही नावांची अदलाबदल करून.

मोलेदिना रस्त्यावरच्या लाल देवळाच्या फाटकाशी आम्ही उभे राहिलो. देऊळ म्हणतात, आहे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. लाल विटांचं, घड्याळाच्या मनोऱ्याचं, 1867 चं. बांधायला घेतलं डेव्हिड ससूनने. बगदादहून निघून बुशेहरमार्गे 1832 साली तो मुंबईला आला, पुण्यात 1864 साली वारला आणि याच आवारात पुरला गेला. बुशेहर ऐकून मित्र हसला. त्याच्या बापाची नोकरी तिथल्या बंदरात. पुढे ईस्ट स्ट्रीटला कयानी बेकरी उघडायची वाट पाहत माणसं सावलीला उभी होती, कारण दुपारची वेळ, दार बंद. एक ते चारच्या वामकुक्षीवरून पेठांना हसणाऱ्यांनी ही रांगही बघून ठेवावी. दार उघडल्यावर श्रुझबेरी बिस्किटांचा पुडा घेतला आणि एका इराणी हॉटेलात बनमस्का मागवला. चहा आला तसा माझा मित्र कपात वाकून बघायला लागला. दूध, साखर, आटवलेला रंग. यझ्दमध्ये चहा कोरा, साखरेचा खडा दातांत धरून प्यायचा. गल्ल्यावरचे म्हातारेबुवा यझ्दकडच्याच कुठल्या खेड्यातून आलेल्यांचे नातू. दोघांचं फारसीत बोलणं सुरू झालं. म्हाताऱ्याची फारसी जुन्या वळणाची होती, मित्राला हसू आवरेना. चहाचे पैसे त्यांनी घेतले. गावचा म्हणून बनमस्का मात्र दोन दिले.

उन्हं कलल्यावर वानवडीला शिंदे छत्रीत गेलो. महादजी शिंदे इथेच 12 फेब्रुवारी 1794 ला वारले, त्यांच्या फौजेचा तळ इथे होता. खाली जुनं महादेवाचं देऊळ, आणि पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी जोडलेला सभामंडप: विलायती रंगीत काचा, राजपूत कमानी. आजूबाजूला सैन्याच्या वसाहती. इंग्रजांच्या आधी पुण्याच्या पूर्वेला तंबू ठोकले ते माळव्याकडून आलेल्यांनी, हे लक्षात आल्यावर मी मित्राला म्हटलं, पहिला कॅम्प आमच्या मुलखातल्या लोकांचा. “मग भाडं तू माझ्याकडून घ्यायला हवंस,” तो म्हणाला.

भाड्यावरून आठवलं तसं त्याने विचारलं, तुमच्या वाड्यात मागची खोली रिकामी दिसली, तिला चौकाकडे खिडकी आहे ना? आहे. कोणी राहतं का? नाही. मी म्हटलं, मी तुझी घेतो, तू ती घे, सामान एका टेम्पोत होईल. काकूंना विचारतो उद्या. तो थोडा वेळ बिस्किटाचा पुडा दाबून बघत राहिला, तुटली आहेत का म्हणून. पुण्यात आल्यावर त्याने नदीअलीकडे-पलीकडे बऱ्याच खोल्या बघितल्या होत्या. नाव सांगेपर्यंत सगळं ठरत आलेलं असायचं. “नको विचारू,” तो म्हणाला. “त्या नाही म्हणतील, मग मला पन्हं प्यायला पुन्हा येता येणार नाही.”

मी म्हटलं, काकू तशा नाहीत. तो म्हणाला, असतील किंवा नसतील. पुडा माझ्या हातात देऊन म्हणाला, हा त्यांना दे, आणि अंडं नाही त्यात, असं आधी सांग.